कमळाइसेचा नवरा

नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नाने उरकली होती, फराळाची ताटे पुढे आली होती आणि माझी तेरा वर्षांची नात चकली हातात तशीच धरून मोबाइलकडे टक लावून बसली होती. "एवढे काय आहे त्यात?" म्हणून मी विचारले, तेव्हा तिने मलाही शेजारी बसवून घेतले. एक नाटक चालले होते. पण कसले नाटक! दीड मिनिटात एक प्रवेश संपे आणि नेमका उत्कंठेच्या जागी तुटे. की लगेच दुसरा. चीनमध्ये अलीकडच्या वर्षांत हा प्रकार फार फोफावला आणि तेथून तो आपल्याकडे आला, हेही ज्ञान मला नातीनेच दिले. कथानक असे की, एक तरुण आणि एक तरुणी यांचे जीव एकमेकांच्या देहात शिरतात. त्याचा जीव तिच्या देहात, तिचा त्याच्या. आणि त्या घोटाळ्यातून हळूहळू प्रेम. सातआठ भाग पाहून झाल्यावर ती विजयी मुद्रेने म्हणाली, "आजोबा, असली गोष्ट तुमच्या वेळी होती का?"

आता सणाच्या दिवशी, सर्वांदेखत, असा प्रश्न आल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते. "अगं, आमच्या वेळी कसली, सातशे वर्षांपूर्वी होती. तीही मराठीत. आणि तीही अशाच तुकड्यातुकड्यांनी सांगितलेली," मी म्हणालो. तिला ते खरे वाटले नाही. वाचकांपैकीही कित्येकांना वाटणार नाही. म्हणून तिला जे सांगितले तेच येथे जरा ऐसपैस सांगतो.

तुकड्यातुकड्यांनी नाटक पाहण्याची आम्हा हिंगोलीकरांना तशी जुनी सवय. आमचा दसरा दूरवर प्रसिद्ध आहे. दीडशेहून अधिक वर्षांची त्याची परंपरा. त्या दिवसांत रामलीला मैदानावर उत्तरेकडची मंडळी रोज रात्री रामकथेचा एकेक तुकडा करीत. आज धनुष्यभंग, उद्या वनवास. त्या तुकड्याला म्हणायचे 'लीला'. सीतेचे काम करणारा पोऱ्या रात्री आम्हाला ढसढसा रडवी, आणि सकाळी तीच सीता कोपऱ्यावरच्या हॉटेलात बशीने चहा ओढताना दिसे. देह कोणाचा आणि त्यात वावरणारा कोण, हे कोडे मला पहिल्यांदा पडले ते त्या हॉटेलच्या दारात. 'लीला' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

एका देहातून दुसऱ्यात जाण्याला आपल्याकडे 'परकायाप्रवेश' असे भारदस्त नाव आहे. गोदावरीकाठच्या पैठणास, सातवाहनांच्या दरबारी, गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' रचली, अशी आख्यायिका आहे. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु त्यातल्या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात आणल्या. त्याच्या आरंभीच एक परकायाप्रवेश आहे. इंद्रदत्त, व्याडी आणि वररुची या तिघा मित्रांना गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णनाणी हवी होती. ती मागायला नंदराजाकडे जावे, तर राजा नुकताच मेलेला! तेव्हा इंद्रदत्त योगबळाने राजाच्या देहात शिरला आणि त्याचा स्वतःचा देह राखीत व्याडी एका देवळात बसला. पण शकटाल प्रधान मोठा चतुर. मेलेला राजा उठून बसतो आणि उठल्या उठल्या याचकाला एक कोटी देतो, यात काही पाणी मुरते आहे, हे त्याने ओळखले. राज्यातली झाडून सारी प्रेते जाळण्याचा त्याने हुकूम सोडला. त्यात इंद्रदत्ताचा देह जळाला आणि बिचारा ब्राह्मण जन्माचा राजा होऊन बसला! सिंहासन मिळाले, पण घर गेले.

त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, तेव्हापासून त्या आपल्या घरोघरी पोहोचल्या. त्यांतली शिरांच्या अदलाबदलीची कथा पुष्कळांना आठवत असेल. नवरा आणि मेहुणा दोघेही देवीपुढे आपापली मस्तके उतरवतात. ती तरुणी स्वतःही जीव द्यायला निघते, तोच देवी प्रसन्न होऊन म्हणते, "मस्तके धडांना जोड." पण त्या आनंदाच्या घाईत नवऱ्याचे मस्तक भावाच्या धडावर आणि भावाचे नवऱ्याच्या धडावर बसते. वेताळ विचारतो, "राजा, आता तिचा नवरा कोणता?" विक्रम निकाल देतो: सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचे मस्तक ज्याला, तोच नवरा. या प्रश्नाने सातासमुद्रापलीकडच्या थोमास मान या जर्मन लेखकालाही झपाटले. १९४० साली त्याने त्यावर एक कादंबरी लिहिली. पुढे १९७१ साली गिरीश कार्नाड यांचे 'हयवदन' आले आणि त्याचे मराठी प्रयोगही आपल्याकडच्या रसिकांनी पाहिले.

आणि नाटकच म्हणाल, तर सातव्या शतकात पल्लवांच्या कांचीकडे 'भगवदज्जुकम्' हे एक अंकी संस्कृत प्रहसन होऊन गेले. वसंतसेना नावाची गणिका बागेत मरून पडते. शिष्याला योगाचा चमत्कार दाखवावा म्हणून एक संन्यासी तिच्या देहात शिरतो. इकडे यमदूताला कळते की आपण भलत्याच वसंतसेनेचे प्राण आणले. तो ते परत घेऊन येतो, तर काय, ही आधीच उठून वेदान्त सांगते आहे! चिडून तो गणिकेचे प्राण संन्याशाच्या देहात टाकतो. मग गणिका परमार्थाच्या गोष्टी सांगते आणि संन्यासी मद्य मागतो. माझ्या नातीच्या मोबाइलमधले नाटक याहून काय वेगळे होते?

या सर्व कथांत एक गोष्ट मात्र समान आहे. लेखकाचे सारे लक्ष, जो देह बदलतो त्याच्यावर. त्याची फजिती, त्याचे शास्त्र, त्याचा निकाल. त्या बदललेल्या देहाबरोबर ज्याला संसार करायचा, त्याचे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारायला लावणारी कथा मला भेटली ती आपल्या मराठीच्या पहिल्या चरित्रग्रंथात.

तो ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा संग्रह. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांना त्यांच्या आठवणींखेरीज दुसरा आधार उरला नाही. तेव्हा म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्याने, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन, रिद्धपूर येथे हा ग्रंथ सिद्ध केला. काळ सुमारे १२७८ चा; म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीचा. आज अमरावती जिल्ह्यातल्या त्याच रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, हे योग्यच झाले.

या ग्रंथाचा घाट पाहण्यासारखा आहे. एकेक आठवण म्हणजे एकेक लीळा, आमच्या रामलीलेतली तीच 'लीला'. काही लीळा तर चारपाच वाक्यांतच आटोपतात. कोण कोठे बसले होते, कोण काय बोलले, त्यावर स्वामी काय म्हणाले, की संपली. संवाद असे बोलके, की वाचणाऱ्याला पडदा उघडून मिटल्याचा भास व्हावा. ग्रंथाचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. 'एकांक' म्हटल्यावर आजच्या वाचकाला एकांकिका आठवेल. पण येथे अर्थ निराळा आहे. स्वामी एकटे हिंडत होते, तो एकाकी काळ म्हणजे एकांक. आणि आपल्याला हवी असलेली कथा त्या एकांकातच आहे. शिष्य जमण्याआधीची ती हकीगत. ती कळते, कारण ती स्वामींनी स्वतः पुढे आपल्या शिष्यांना सांगितली. त्या शिष्यांत बायका पुष्कळ होत्या. आद्य मराठी कवयित्री महदाइसा त्यांतलीच. प्रश्नामागून प्रश्न विचारण्याबद्दल ती प्रसिद्ध होती.

कथा अशी. द्वारावतीस, म्हणजे द्वारकेस, चांगदेव राऊळ नावाचे अवतारी पुरुष होते. कामाख्या नावाची एक योगिनी त्यांच्याकडे आली. तिचे मन त्यांच्यावर जडले होते आणि ती हटून बसली. ती माघार घेईना आणि यांना आपले व्रत मोडायचे नव्हते. तेव्हा त्यांनी देहच सोडला. ज्याच्यावर हिचा जीव, ते तेथेच टाकून निघून गेले, असे म्हणा ना.

त्याच सुमारास भडोच येथे, गुजरातच्या राजाचे प्रधान विशाळदेव यांचा तरुण मुलगा हरिपाळदेव मरण पावला होता. त्याला स्मशानात नेले. चितेची तयारी झाली. आणि हरिपाळ डोळे उघडून उठून बसला. पंथाची श्रद्धा अशी की, चांगदेव राऊळांनी सोडलेल्या देहातून निघून या देहाचा स्वीकार केला. रडत गेलेले लोक वाजतगाजत परत आले. घरी हरिपाळाची पत्नी होती. तिचे नाव कमळाइसा.

इतिहासाचा अभ्यासक येथे थोडा अडखळेल. भक्त अडखळणार नाही. त्या वादात मला पडायचे नाही. मी फक्त कमळाइसेच्या दाराशी उभा राहतो. विक्रमराजाचा निकाल येथे लंगडा पडतो. मस्तक हरिपाळाचे, हात हरिपाळाचे, आवाज हरिपाळाचा. तिळाएवढीही खूण बदललेली नाही. बदलला असेल तर तो आतला. आणि त्याचा निवाडा करायला वेताळ येत नाही, की देवी येत नाही. तो चुलीपाशी, ताटापाशी, रोज थोडाथोडा करावा लागतो.

काही काळ संसार चालला. हरिपाळदेव द्यूत खेळू लागले. एकदा ते डाव हरले आणि पैसे द्यायचे झाले. त्यांनी घरी येऊन कमळाइसेकडे तिचे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. अखेर ते देणे वडिलांनी भागवले. पण तेवढ्या नकाराने हरिपाळदेवांचे मन संसारावरून उडाले ते उडालेच. त्यांनी रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढले. वडील सहजी परवानगी देईनात. अखेर मिळाली, आणि वाटेत बरोबरची माणसे मागे टाकून ते एकटेच निघाले. रिद्धपुरास गोविंदप्रभू भेटले. हरिपाळाचे चक्रधर झाले. आणि महाराष्ट्राला त्याच्या भाषेत धर्म सांगणारा महात्मा मिळाला. भडोचच्या घरी मात्र कमळाइसा तिच्या दागिन्यांसह राहिली.

कीर्तनाच्या थाटात कथा सांगणारा येथे पटकन म्हणून टाकील, "पहा, एका स्त्रीच्या लोभामुळे वैराग्य आले!" मला तसे म्हणवत नाही. ज्या बाईने एकदा नवऱ्याची तिरडी उचललेली पाहिली आहे, तिने स्त्रीधन हातचे सोडू नये, यात लोभ कसला? त्या काळी दागिना म्हणजे बाईचे उद्या. शिवाय तो पूर्वीचाच माणूस आहे, असे तिला मनापासून वाटत असते तर तिने दिलाही असता, कोण जाणे. तिला कोठेतरी कळले होते, असे मला आपले वाटते.

लीळाचरित्राचा मोठेपणा असा की, हा प्रसंग त्यात आहे. ज्यांना परमेश्वर मानले, ते द्यूतात हरले, बायकोपाशी दागिने मागायला गेले आणि तिने नाही म्हटले, हे त्यांच्या भक्तांनी लपवले नाही. जसे ऐकले तसे लिहिले. आपल्याकडच्या चरित्रकारांनी हा गुण सातशे वर्षे गिरवला असता, तर आपला इतिहास निराळा दिसला असता.

वडील परवानगी का देईनात, याचे कारण समजायला त्या काळाच्या राजकारणात डोकवावे लागते. देवगिरीचे यादव आणि गुजरातचे राज्य यांच्यात तेव्हा हाडवैर होते. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर आमच्या मराठवाड्यातला, आंबेजोगाईचा. त्याने गुजरातवर स्वाऱ्या केल्या. त्याचा मुलगा राम अशाच एका स्वारीत नर्मदेकाठी लढताना पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ आंबेजोगाईस देऊळ बांधले. तेथल्या १२४० सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. ते वाचताना मनात येते: नर्मदेच्या एका काठी एकीचा माणूस चितेवरून परत आला, नि दुसऱ्या काठावर गेलेला एकीचा परत आला नाही. देऊळ बांधायला तिला निदान दुःख तरी स्वच्छ होते. कमळाइसेने कशाचे देऊळ बांधावे?

या ग्रंथालाही परकायाप्रवेश चुकला नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. म्हाइंभटांची मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत गेली. मग शिष्यांनी पाठ असलेल्या लीळा आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ झाले. त्यांतला एक पाठ हिराइसा नावाच्या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. देह गेला, पण जीव बायकांपुरुषांच्या स्मरणात शिरून राहिला. पंथाने पोथ्या सांकेतिक लिपीत जपल्या. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते या अभ्यासकांनी लीळाचरित्राच्या प्रती सिद्ध केल्या आणि सातशे वर्षांपूर्वीचे मराठी बोलणे आपल्या कानी पडले. त्या बोलण्यातच कमळाइसेचा तो नकार आहे.

एवढे सांगून मी थांबलो. चकली तशीच राहिली होती. नात म्हणाली, "आजोबा, पण तिला कळलं होतं का, की हा तो नाही? पुढचा भाग कुठाय?"

पुढचा भाग माझ्याजवळ पोथीतला नव्हता, घरातला होता. तो मी आजवर मुलांना सांगितला नव्हता.

माझी एक आत्या होती, कयाधूकाठच्या एका खेड्यात दिलेली. १९४८ सालच्या आरंभी, रझाकारांच्या धामधुमीत, तिचा नवरा एका रात्री पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेला. तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाने शरणागती दिली, गेलेली माणसे परतू लागली. हा आला नाही. कोणी म्हणे मारला गेला, कोणी म्हणे पाहिला. आत्याने कुंकू पुसले नाही, आणि सणाला नवे लुगडेही नेसली नाही. १९५० साली, दिवाळीच्या तोंडावर, तो दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, बोलणे जवळजवळ नाहीच. पूर्वी तो मोठ्याने हसणारा, भजनात पखवाज वाजवणारा माणूस होता, असे वडील सांगत. आता रात्री पान हलले तरी उठून बसे. गावात कुजबुज झाली की, हा तो नव्हेच; कोणी तोतया आहे. पाठीवरचा लहानपणीचा व्रण पाहून म्हाताऱ्यांनी गावाची खात्री करून घेतली. आत्याची खात्री कोणी विचारली नाही.

मी कॉलेजात असताना एकदा तिच्याकडे गेलो होतो. शेजारच्या महानुभाव घरी पाठ चाले. तो ऐकून ती आली होती आणि हरिपाळाची हकीगत मला पहिल्यांदा तिच्याच तोंडून कळली. मी तरुणपणाच्या आगाऊपणाने विचारले, "आत्या, मामा परत आले तेव्हा तुला काय वाटलं?" ती वाती वळीत होती. हात न थांबवता म्हणाली, "लेकरा, देह ओळखीचा होता. माणसाची ओळख मात्र पहिल्यापासून करून घ्यावी लागली. गेला त्याचं रडू मी आत ठेवलं, आला त्याला जेवू घातलं."

मामांनी पुन्हा पखवाज हाती धरला नाही. पण म्हातारपणी दोघे ओसरीवर बसलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत. तो सुपारी कातरी आणि ती पान लावी. बोलणे फारसे नसे. त्याची गरजही दिसत नसे.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "दागिने मागितले असते तर आत्याने दिले असते का?"

"पहिल्या वर्षी नसते दिले," मी म्हणालो. "दहाव्या वर्षी न मागता दिले असते."

कमळाइसेला ते दहावे वर्ष मिळाले नाही, एवढेच. संध्याकाळी पणत्या लावताना नातीने एक पणती उंबऱ्यावर निराळी ठेवली. कोणासाठी, ते मी विचारले नाही.